केमोच्या आधीचे दोन आठवडे

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातून लिहिते आहे. माझ्या धाकट्या बहिणीला २४व्या वर्षी लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. केमोचा खर्च सरकारी योजनेतून झाला, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. ती आज बरी आहे. पण पाळी गेली ती परत आली नाही.

केमोच्या काही औषधांनी स्त्रीबीजं नष्ट होतात, आणि ती आधी काढून गोठवता येतात, हे आम्हाला तिसऱ्या डोसानंतर कळलं. तेही वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटच्या आईकडून. लग्न न झालेल्या पोरीसमोर हा विषय कसा काढायचा, हा संकोच डॉक्टरांना वाटला असेल. आमच्या आईलाही वाटलाच असता. पण निर्णय बहिणीचा होता, आणि तिला कुणी विचारलंच नाही.

यात फार काळ जात नाही. साधारण १०-१२ दिवस इंजेक्शनं, सोनोग्राफीवर लक्ष, मग भूल देऊन सुईनं बीजं काढायची आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायची. पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. पुढे मूल होईलच अशी खात्री नाही, आणि ज्यांचा आजार तेवढाही थांबू देत नाही त्यांचा प्रश्न वेगळा. पण ज्यांना दोन आठवडे मिळतात, त्यांना ते मिळाले पाहिजेत. २०२१च्या केंद्रीय एआरटी (कृत्रिम गर्भधारणा तंत्राच्या) कायद्यानुसार बीजं १० वर्षं ठेवता येतात. लग्नाची अट नाही.

अडचण पैशाची आहे. उसाच्या बिलावर चालणारं घर खासगी दवाखान्याचा हा खर्च कुठून करणार? म्हणून मागणी आहे: कॅन्सर झालेल्या तरुण मुलींसाठी हा खर्च त्याच योजनेत धरा, आणि बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात निदान सल्ला देणारं माणूस तरी नेमा. केमोच्या संमतीपत्रावर बीजांबद्दल एक ओळ सक्तीची करा. आणि साहेब, आमच्या भागात ती ओळ मराठीतही हवी. घाबरलेल्या बाईला सही करायचा कागद तरी वाचता आला पाहिजे.

डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्णसौधला याल. अर्धा तास द्या. बहीण सोबत येईल. हे पत्र लिहायला तिनंच सांगितलं आहे.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक थोरली बहीण