निर्यात वाढली, मजुरीचे काय?

‘जागतिकीकरण : फायदे-तोटे’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. निर्यात वाढली की सगळ्यांचेच भले होते, हा त्यातील सूर पटला नाही. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत, म्हणजे कोणत्या देशाने किती माल पाठवायचा याची मर्यादा, संपली. सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातातच. पण शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात, सुताच्या कसपटात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या हाती काय आले? सुताचे दर चढले की पहिली गदा त्याच्याच रोजगारावर येते. चादरीला भौगोलिक मानांकन (त्या भागातील मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळूनही ‘सोलापुरी’ नावाने नक्कल सर्रास विकली जाते, हे तर संतापजनक आहे. निर्यातदारांना सवलती जरूर द्या. मात्र कामगाराची भविष्य निर्वाह निधीत नोंद झाली आहे का, हे आधी तपासा.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर