जेंटू पारखायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

दोन रविवार तुम्ही मिरजेहून सांगलीला आलात, एरवी रात्री दहानंतरही माझे फोन घेतलेत. त्याचे आभार फोनवर मानून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानाच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर जेंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं मी ठरवूनच टाकलं होतं. सगळे प्रोग्राम सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, आपल्याच मशीनवर कंपाइल होऊन तयार होतात म्हणजे मशीन पळणार, एवढीच माझी समजूत. तुम्ही एकच विचारलंत, ‘हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय बाबा भाव बोलतात का?’ आणि जुना लॅपटॉप आणि एक कोरी वही काढायला लावलीत.

ती वही आता निम्मी भरलीय. स्टेज थ्री ही जेंटूची सुरुवातीची दाबलेली फाइल उलगडली की नुसता पाया मिळतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि बूटलोडर (मशीन सुरू होताना तो उचलणारा प्रोग्राम) आपणच बसवायचे, हे पहिल्या पानावर आहे. नंतर कुठलं पॅकेज किती वेळ खातं, काय अडलं, का अडलं. प्रोसेसरला आठ थ्रेड आहेत म्हणून मी मेकऑप्ट्समध्ये (कंपाइलची किती कामं एका वेळी चालवायची ते सांगणारी सेटिंग) जे-8 लिहिलं आणि वेबकिट-जीटीके हे मोठं पॅकेज मध्येच मेलं. तुम्ही फोनवर आधी रॅम विचारलीत. ‘दर जॉबला साधारण 2 जीबी धर, 8 जीबीला जे-4 पुरे,’ म्हणालात. त्या रात्री ते पूर्ण झालं. लाइट गेली तेव्हा अर्धवट राहिलेली पॅकेजेसची यादी पुढे चालू करणारी इमर्ज रिझ्यूम ही कमांडही तुम्हीच सांगितलीत. चालू पॅकेज पहिल्यापासून होतं, पण यादी हातची जात नाही.

सगळ्यात मोलाचं शिकले ते यूज फ्लॅगचं, म्हणजे प्रोग्राममधली कुठली सोय ठेवायची आणि कुठली काढायची ते सांगणाऱ्या खुणांचं. नको ते सगळं काढायच्या भरात मी छपाईसाठी लागणारं कप्सही बंद केलं आणि छपाईच्या खिडकीतून प्रिंटरच गायब झाला. तुम्ही सरळ उत्तर दिलं नाहीत, हे फ्लॅग जिथे लिहितात ती मेक डॉट कॉन्फ फाइल मोठ्यानं वाचायला लावलीत. तिसऱ्या ओळीला माझं मलाच कळलं. फ्लॅग बदलून न्यूयूजसह (फ्लॅग बदललेली पॅकेजेस पुन्हा कंपाइल करणारा पर्याय) वर्ल्ड अपडेट, म्हणजे सगळ्या सिस्टिमचं अपडेट, लावलं तेव्हा कुठे जेंटूचं खरं बळ दिसलं. आपल्याच प्रोसेसरसाठी खास कंपाइल करणाऱ्या मार्च-नेटिव्ह या पर्यायानं आमच्या कामात जाणवेल असा फरक पडला नाही, तो लावून आणि न लावता लागलेल्या दोन्ही वेळा वहीत लिहिल्यात. पण प्रोग्राममध्ये काय असावं आणि काय नसावं हे ठरवायची मुभा इतकी मोकळी मी दुसरीकडे पाहिली नाही.

डिसेंबर 2023 पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी पॅकेजेस देतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. फ्लॅग जुळले तर तयार पॅकेज उतरतं, नाहीतर इथे कंपाइल होतं. माझ्या लॅपटॉपचा मोठा ताप त्यानं वाचला.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर शेवटी डेबियन ही दुसरी लिनक्स सिस्टिम ठेवली. सौद्याच्या दिवशी पट्ट्या छापायच्या असताना अपडेटनंतर डिस्पॅच-कॉन्फमध्ये जुन्या-नव्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल जुळवत बसता येणार नाही. माझ्या लॅपटॉपवर मात्र जेंटूच राहणार. हा निकाल तुम्ही पहिल्याच दिवशी सांगू शकला असतात, पण तो माझा मला काढू दिलात. ताई, याचे आभार कसे मानू?

दर शनिवारी रात्री अपडेट लावते. पुढच्या रविवारी वही घेऊन मी मिरजेला येते, कर्नलची पानं तुम्हाला दाखवायची राहिलीत.

तुमची,
मार्केट यार्डातली धाकटी बहीण