रंगमंचाखालची जमीन

संपादक महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी रस्त्यावर उभी राहून रडले. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी आधुनिक नृत्य बसवते. वय ६१, गुडघे दोन्ही गेलेले. माझा पहिला नाच याच रंगमंचावर झाला. वडील पैलवान. पलीकडच्या खासबाग कुस्ती मैदानात त्यांना लढताना बघूनच मला कळलं, की तोल जाणं आणि तो सावरणं यातच नाच असतो. घुंगरू काढून अनवाणी, दंड-बैठकांच्या चालीवर रचना बसवली तेव्हा एका जाणकारांनी तोंडावर सांगितलं, ‘हे नृत्य नव्हे.’ ते अजून लागतं मनाला.

एक कळकळीची विनंती. नाट्यगृह पुन्हा उभारताना नव्या रंगमंचाच्या फळ्या थेट काँक्रीटवर ठोकू नका. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट आणि थोडी पोकळी ठेवा, म्हणजे उडीचा दणका फळी झेलते. आयुष्यभर हॉलच्या फरशीवर सराव केला, त्याची किंमत माझे गुडघे मोजताहेत. माझ्या मुली (शिष्याच, पण मुलीच) अजून विशीत आहेत.

– एक नृत्यदिग्दर्शिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर