न्यू ऑर्लिन्स फक्त समुद्रामुळे बुडत नाहीये

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला न्यू ऑर्लिन्सवरचा लेख वाचला. जॅझ, मार्डी ग्रा, खाणंपिणं सगळं झकास आलंय, पण शेवटी समुद्र वाढतोय म्हणून शहर बुडणार असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही. समुद्राचा हात आहेच हो, पण मिसिसिपी नदीचं काय? ती बिचारी लेखात बोटीच्या सफरीपुरतीच येते.

हे शहर ज्यावर उभं आहे ते दक्षिण लुइझियाना म्हणजे मुळात या नदीने आणून टाकलेला गाळ. मिनेसोटातल्या इटास्का तलावातून निघून ती साधारण 3,700 किमी खाली येते, अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या जवळपास 40 टक्के भागाचं पाणी घेऊन. एक वाट गाळाने भरली की हजारेक वर्षांनी दुसरी जवळची वाट धरायची, असं करत करत तिने हा किनारा बनवला. मग 1927 चा महापूर आला. शहर वाचवायला खालच्या बाजूला कार्नार्व्हनला बांध चक्क डायनामाइटने उडवला, सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या शेजारच्या भागांतली गरीब माणसं पाण्यात गेली आणि कबूल केलेली भरपाई बहुतेकांना मिळालीच नाही. पुढच्याच वर्षी पूर रोखायचा कायदा झाला, आर्मीच्या इंजिनिअर लोकांनी नदी दोन्हीकडून पक्की बांधून टाकली. पुराचं पाणी बाहेर पसरणं बरंचसं थांबलं, पण त्याबरोबर गाळ पसरणंही थांबलं. त्यात तेल कंपन्यांनी दलदलीत कालवे खोदले, त्यातून खारं पाणी आत शिरलं, आणि शहराने पंप लावून दलदल सुकवली तशी जमीन आणखी खचली. 1932 पासून जवळपास 4,900 चौ. किमी जमीन गेलीय, म्हणजे बृहन्मुंबईच्या आठपट!

आणि खरी गंमत तर शहराच्या वरच्या बाजूला, ओल्ड रिव्हर या ठिकाणी आहे. नदीला आता तिथून फुटणाऱ्या अचाफलाया नदीच्या वाटेने जायचंय, समुद्र तिकडून निम्म्याच अंतरावर आहे. म्हणून 1963 पासून तिथे दरवाजे बसवून 30 टक्केच पाणी तिकडे सोडतात. 1973 च्या पुरात त्यातल्या एका बांधकामाचा पाया पोखरला गेला होता, तो ढासळून नदी तिकडेच वळली असती तर न्यू ऑर्लिन्सला प्यायचं गोडं पाणी कुठून आणणार होते?

गाळ पुन्हा दलदलीत सोडायचा मोठा प्रकल्प शहराच्या खालच्या बाजूच्या बराटारिया भागात 2023 मध्ये सुरू झाला, खर्च तीन अब्ज डॉलरच्या आसपास, आणि 2025 मध्ये राज्याने तो रद्दच केला. कालवं आणि कोळंबीवर जगणाऱ्यांचा विरोध होता, गोड्या पाण्याने त्यांचा धंदा बसला असता, त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, पण दुसरा तेवढा मोठा उपाय कोणी पुढे ठेवल्याचं दिसत नाही. पुढच्या वेळी या शहरावर काही छापाल तर सोबत नदीचा एक नकाशा तरी टाका.

— एक नियमित वाचक, पुणे