टॉपकोटच्या डब्यातून निघालेल्या जेलकोटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'मरीन टॉपकोट, पांढरा' या नावाने पाठवलेला माल कडक न होणे आणि त्याबद्दल विचारणा केल्यावर झालेली अवहेलना.

महोदय,

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीने माझे बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवला आणि पाठोपाठ 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे' असा संदेश मोबाईलवर आला. हे समाधान नक्की कोणाचे झाले, ते कळावे म्हणून थेट व्यवस्थापनाला लिहीत आहे.

माझी फायबरग्लासची शिडाची होडी चाळीस वर्षांहून जुनी आहे आणि गोसीखुर्दच्या जलाशयात, वैनगंगेच्या फुगवट्यावर चालते. या वयाच्या होडीच्या तळाला फोड येतात, ते फोडले की आंबट वासाचे पाणी निघते, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर होडी काठावर घेतली, फोड घासून काढले, तळ पूर्ण कोरडा होऊ दिला आणि खड्डे पॉलिस्टर रेझिन व काचतंतूंच्या मॅटने भरले. इपॉक्सी, म्हणजे ज्या रेझिनवर पॉलिस्टरचा थर नीट पकत नाही ते, कुठेही वापरलेले नाही. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण तुमच्याकडून प्रत्येक वेळी नवा माणूस बोलतो आणि प्रत्येक नवा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

त्यावर शेवटचा हात म्हणून तुमचा टॉपकोट मारला. भर उन्हात रेझिन मगातच आवळून येते, म्हणून काम पहाटे केले आणि हार्डनर अंदाजाने न ओतता किलोला १५ ग्रॅम या प्रमाणात काट्यावर तोलून घातला. तुमच्या पत्रकात १ ते २ टक्के लिहिले आहे, म्हणजे प्रमाण बरोबर मध्यावर येते. तरीही दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग चिकट होता. आठवडा उलटला तरी चिकटच राहिला. त्यावर धूळ बसली, चिलटे बसली, बाभळीचा पाला बसला, आणि जे बसले ते उठले नाही. मात्र टोकाकडच्या वीतभर भागावर रात्री पॉलिथिनचा तुकडा उडून चिकटला होता. तो सोलला तेव्हा त्याखालचा थर नख न रुतण्याइतका कडक निघाला. डबा तोच, हार्डनर तोच, हातही तोच.

याचा अर्थ तुमच्या कारखान्यातल्या कोणालाही कळेल. हवेच्या संपर्कात पॉलिस्टरचा वरचा थर पूर्ण पकत नाही, म्हणून टॉपकोटमध्ये मेण घालतात. ते वर तरंगून हवा अडवते. जेलकोट साच्यात सर्वांत आधी मारतात; त्याची दर्शनी बाजू साच्याला टेकून हवेपासून झाकलेली राहते, म्हणून त्यात मेण नसते. मला टॉपकोटच्या नावाने जेलकोट मिळाला. संशय नको म्हणून डब्यावरचे लेबल निरखले, तेव्हा एका कोपऱ्यातून ते सुटत होते. सोलल्यावर खाली दुसरे लेबल निघाले आणि त्यावर स्वच्छ अक्षरात 'जेलकोट' छापलेले आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत; फोनवर तपशील सांगूनही ती कोणी मागितली नाहीत.

आता आजच्या संभाषणाविषयी. प्रतिनिधीने आधी पिनकोड विचारला, थोडा वेळ शांत राहिला आणि म्हणाला, "सर, तुमच्या जिल्ह्यात समुद्र दिसत नाही." मी म्हणालो की समुद्र नाही, जलाशय आहे. "मग हा मरीन वापर होत नाही. हमी फक्त मरीन वापरावर आहे." भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात आणि इथल्या ढिवर समाजाच्या पिढ्या पाण्यावर जगल्या आहेत, हे मी सांगू लागलो, तर त्याने मधेच विचारले, "सर, खरंच होडी आहे ना? की टाकीला लावलंय?" मी सांगितले की होडीला डोलकाठी आहे, शीड आहे, सुकाणू आहे, आणि पाण्याच्या टाकीला सहसा यातले काही नसते. मग मला संगीत ऐकवण्यात आले. बऱ्याच वेळाने परत येऊन तो म्हणाला, "साहेब म्हणतात, उन्हात ठेवा, सुकेल." मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, विदर्भातल्या माणसाला वस्तू उन्हात ठेवण्याचा सल्ला देणारे हे साहेब कोण, त्यांचे नाव मला हवे आहे. रेझिन पापडासारखे वाळत नाही, ते रासायनिक क्रियेने कडक होते, इतके तरी रेझिन विकणाऱ्या साहेबांना ठाऊक असावे. मी हेच म्हणालो आणि तिथेच फोन बंद झाला.

समुद्राचा मुद्दा निघालाच आहे तर एवढे नोंदवून ठेवा की फायबरग्लासच्या तळाला फोड येण्याचा धोका खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक असतो. तुमच्या मालाची खरी परीक्षा आमच्याच पाण्यात होते, आणि हमीतून वगळता ते आम्हालाच.

शेवटी नागपूरच्या एका मोल्डिंग कारखान्यातल्या कारागिराने फोनवरच उपाय सांगितला : वरून पीव्हीएचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या आणि नंतर पाण्याने धुऊन निघणाऱ्या द्रवाचा, थर देऊन हवा तोडा, किंवा मेणाचे द्रावण मिसळून पातळ हात मारा. एवढे सांगायला तुमच्या माणसाला एक वाक्य पुरले असते. तोवर मजूर लावून, अ‍ॅसिटोनने पुसून आणि घासून बहुतेक थर काढून झाला होता. आता पावसाळा तोंडावर आहे; दमट हवेत हे काम पुन्हा नीट होणार नाही, त्यामुळे होडीचा यंदाचा हंगाम काठावरच जाणार. पूर्वीपासून मी तुमचाच माल घेत आलो आणि इतरांनाही घ्यायला लावला, याचे आता वाईट वाटते.

मालाची किंमत, अ‍ॅसिटोन, पॉलिश पेपर आणि मजुरी यांची बिले जोडली आहेत. ती रक्कम परत करावी, योग्य टॉपकोट हार्डनरसह विनामूल्य पाठवावा आणि एका लेबलवर दुसरे लेबल कोणी व का चिकटवले याचा लेखी खुलासा करावा. पंधरा दिवसांत हे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तारखांना तुमच्या वकिलांना इकडे यावे लागेल. समुद्र लागत नसल्याची कल्पना त्यांना आधीच द्यावी.

उरलेला माल डब्यातच झाकण बंद करून ठेवला आहे. तपासणीसाठी माणूस पाठवल्यास माझ्यासमोर नमुना काढून द्यायला तयार आहे. डबा मात्र मिळणार नाही.

आपला ग्राहक,
ता. पवनी, जि. भंडारा

सोबत : बिलांच्या प्रती, दोन्ही लेबलांची छायाचित्रे, तक्रार बंद केल्याच्या संदेशाची प्रत.