भोसरीच्या मिस्त्रीमामांना, एका बिअरवालीकडून

मामा,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पुतण्याने तुम्हाला वाचून दाखवावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे माझे मेसेज तुम्ही उघडत नाही, आणि फोनवर आभार मानायला लागले की "ठेवतो, ग्राइंडर चालूय" म्हणून मोकळे होता. तेव्हा आता चारचौघांतच लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं आधीचं सांगते. मी पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या पबमध्ये, बिअर बनवते. मायक्रोबायोलॉजी शिकलेली मुलगी हे काय करते, हा प्रश्न आमच्याकडे लग्नकार्यात अजून निघतो. २००९ मध्ये पुण्यात डुलाली हे ब्रूपब सुरू झालं, पुढे मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर अशी ही ठिकाणं वाढली, पण 'ब्रूअर' म्हटलं की लोकांना अजूनही हातात ग्लास घेतलेला दाढीवाला माणूसच दिसतो. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो. माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) २५ किलोची पोती उचलायची, ६५-६६ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला माल्ट, धरायचा, त्यातून निघालेला गोड वॉर्ट उकळायचा, गार करून यीस्ट घालायचं आणि मग धुवायचं. कॉस्टिक सोडा, पाणी, अ‍ॅसिड, पाणी, सॅनिटायझर. गमबूट घालून वाकून वाकून कंबर धरते, आणि रात्री वरच्या मजल्यावर पबमध्ये कोणीतरी म्हणतं, "काय मजेचा जॉब आहे!"

तर या उन्हाळ्यात आमच्या दोन हजार लिटरच्या एका टाकीतली व्हीट बिअर आंबट व्हायला लागली. बाकीच्या टाक्यांत तेच यीस्ट, तेच पाणी, तीच धुण्याची पद्धत, आणि बिअर ठणठणीत. या एकाच टाकीतून आठवडा उलटला की ताकासारखा वास. मायक्रोस्कोपखाली यीस्टच्या गोल पेशींमध्ये बारीक काड्या दिसत होत्या, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, आंबट करणारे जंतू. हॉप्स या फुलांच्या कडवटपणाने हे जंतू बऱ्यापैकी दबतात, पण व्हीट बिअरमध्ये हॉप्स मुळात कमी, त्यामुळे त्यांचं फावतं. गास्केट बदलली, व्हॉल्व्ह सुटे करून उकळले, कॉस्टिक आणखी गरम केलं. टाकी धुऊन आतून पुसून घेतलेला स्वॅब तरी जंतू वाढवायच्या प्लेटवर उगवायचाच. ज्यांनी टाकी विकली होती ते फोनवर एकच सांगत होते, "मॅडम, तुमचं क्लीनिंग चेक करा."

स्टीलच्या टाक्या बनवणारे-दुरुस्त करणारे मिस्त्री म्हणून तुमचा नंबर मला दूध डेअरीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने दिला. नंबर देताना तिने बजावलं होतं, "माळकरी आहेत, बिअरचं काम घेतील की नाही बघ." मी चाचरतच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी टाकीला हात लावणार, तुझ्या बिअरला नाही. टाकी कितीची?"

तुम्ही आलात ते रविवारी, आणि आल्या आल्या कुठे काही उघडलं नाही. आधी विचारलंत, गरम धुणं झाल्यावर वरून हवा आत यायला वाट कुठून आहे? मी व्हॅक्यूम व्हॉल्व्ह दाखवला. तो बोटाने दाबून बघितलात, अडकत होता. "हा आधी सोडव. गरम टाकीत गार पाणी मारलं आणि वरून बंद असलं की टाकी चेपून आत बसते. डेअरीत पाहिलीये मी बसलेली." आमच्याकडे याला आणखी एक कारण असतं. फर्मेंटेशननंतर टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, कॉस्टिक तो शोषून घेतं आणि आत पोकळी तयार होते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. व्हॉल्व्हवर बोट मात्र तुम्ही ठेवलंत.

मग टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि कापसाचा बोळा. मॅनहोलमधून कोणी आत जाण्याआधी तुम्ही ब्लोअर बराच वेळ चालू ठेवायला लावलात. तुमचा पोरगा आत उतरला तेव्हा त्याच्या कमरेला दोर होता आणि दुसरं टोक तुमच्या हातात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, टाकीच्या निमुळत्या तळाशी साचून राहतो आणि माणूस आवाजही न करता कोसळतो. आमच्या धंद्यातल्या ज्या गोष्टीची मला मनापासून भीती वाटते ती ही. ती तुम्हाला समजावून सांगावी लागली नाही.

कापूस प्रत्येक वेल्डवरून फिरला. सॅम्पल व्हॉल्व्हच्या स्टबपाशी, म्हणजे नमुना काढायच्या नळाच्या आखूड पाइपपाशी, त्याचे धागे अडकले. आरशात तुम्ही मला दाखवलंत: बाहेरून चकचकीत, वेल्डवर छान लाटा, आतून मात्र काळपट, भाजलेल्या साखरेसारखा दाणेदार, आणि पाइप व टाकीच्या भिंतीच्या मध्ये केसाएवढी फट. "आतून आर्गन दिलाच नाही," तुम्ही म्हणालात. एसएस ३०४, म्हणजे टाकीचं स्टेनलेस स्टील, वितळताना मागच्या बाजूने हवा लागली की ते जळतं, म्हणून आतूनही आर्गन, हवेला दूर ठेवणारा वायू, सोडावा लागतो. त्याला वेळ लागतो, गॅस लागतो आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. फटीत कॉस्टिक पोचत नव्हतं, जंतू मात्र मजेत राहत होते. टाकीत पाणी फवारणारा स्प्रे बॉल कितीही फिरला तरी उपयोग नव्हता.

स्टब कापला, नवा टीसी फेरूल (क्लॅम्पने जोडायचं तोंड) बसवला. आर्गनही जडच, त्यामुळे पुन्हा ब्लोअर, पुन्हा दोर. वेल्ड आतून घासून सपाट केला, बफिंग केलं, वेल्डवरचा जळका थर काढणारी पिकलिंग पेस्ट लावली, धुतली, मग गंज रोखायला नायट्रिक अ‍ॅसिडने पॅसिव्हेशन. मला वाटलं झालं. तुम्ही पुन्हा कापूस मागितलात आणि स्वतः हात घालून फिरवलात. एक जागा पसंत पडली नाही, तर ती परत घासायला लावलीत. पोरगा वैतागला होता, चहा गार होत होता, आणि तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, "आपल्याला दिसत नाही तिथं हात नीट लागला पाहिजे."

त्यानंतरच्या स्वॅबच्या प्लेटा कोऱ्या राहिल्या. त्या टाकीत पुन्हा व्हीट बिअरच लावली, मुद्दाम. यीस्टचा केळ्या-लवंगेचा वास जसा यायला हवा तसाच आला. तुम्ही चव घेणार नाही हे माहीत होतं, म्हणून नळाखाली ग्लास धरून तुम्हाला नुसता वास दिला होता, आठवतंय? तुम्ही लांबूनच हुंगलंत आणि म्हणालात, "केळ्याचं शिकरण केलंय का?" एवढी नेमकी दाद मला वरच्या मजल्यावरून अजून मिळालेली नाही.

मामा, आमच्या फळ्यावर बिअरच्या नावाखाली माझं नाव खडूने लिहिलेलं असतं. टाकी कोणी दुरुस्त केली हे कोणी विचारत नाही. माझ्यासारखे जे आहेत, त्यांनी नवी टाकी घेताना चकाकी बघून भुलू नये, आधी आरसा आणि कापूस मागावा, म्हणून हे सगळं जाहीर लिहिलं. आभार तर आहेतच, अगदी मनापासून.

आणि हो, तुम्ही बिलात पेस्ट आणि आर्गन धरलेलाच नाही. वारीला निघायच्या गडबडीत राहिलं म्हणालात, मला ते खरं वाटत नाही. आता परत आला आहात तर सुधारून पाठवा. सर्व्हिंगसाठी एक हजार लिटरची नवी टाकी करायची आहे, ड्रॉइंग पुतण्याला पाठवलंय. मॅनहोल बाजूला घ्यायचं की वर, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
टाकीवाली ताई
(तुमच्या फोनमध्ये मी याच नावाने आहे, पुतण्याने सांगितलं)