चाळीतल्या स्टुडिओला दुकानाचा दर

महोदय,
१९ वर्षं बँकेत कॅशियर होते. गेल्या दिवाळीत राजीनामा दिला आणि लालबागच्या चाळीत, सासऱ्यांच्या १० बाय १२च्या खोलीत चित्रांचा स्टुडिओ थाटला. सासरे १९८२च्या संपात घरी बसलेले गिरणी कामगार. त्यांच्याच पत्र्याच्या ट्रंकेवर आता पोरं बटाट्याचे ठसे कोरतात. शेजारच्या काकू गोधडीचा टाका शिकवतात (चहाही त्यांचाच!). फी ज्याला जमेल तशी, डब्यात टाकायची. वीजबिल मात्र व्यापारी दराने येतं. वीज कार्यालयाच्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, "धंदा नाही, तर मग करता काय?" चाळीमागच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. निदान शनिवार-रविवार ते आम्हाला नाममात्र भाड्याने मिळावेत. आमच्याकडे रंगांचे डबे ठेवायला आता पलंगाखालचीच जागा उरली आहे.

– एक वाचक, लालबाग